वितळत्या बर्फाचं शून्य

नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी माझ्या हातात दोन तारा दिल्या. एक तांब्याची, लालसर; दुसरी कॉन्स्टंटन नावाच्या मिश्रधातूची, चंदेरी. दोघींची टोकं पिळून एकत्र जोडलेली होती आणि तो जोड ज्वारीच्या दाण्याहूनही लहान होता. "मुठीत धरा," साहेब म्हणाले. मी धरला. टेबलावर लोखंडी पेटीएवढं एक यंत्र होतं, त्याच्या काचेमागे कागदाची पट्टी मुंगीच्या पावलांनी खाली सरकत होती. टक्क आवाज झाला आणि कागदावर लाल ठिपका उमटला. थोड्या वेळाने पुन्हा टक्क, ठिपका जरा उजवीकडे. मग आणखी उजवीकडे. चार-पाच ठिपक्यांनंतर ते एका सरळ रेषेत खाली उतरू लागले.

"या तुम्ही," साहेब म्हणाले. "पस्तीस अंश."

मी फर्ग्युसन-बिर्ग्युसनची नव्हे, नगरच्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकलेली मुलगी होते. दोन धातूंच्या जोडाला ऊब लागली की वीज तयार होते, हे मी परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण माझ्या मुठीतल्या उबेची वीज होते आणि ती वीज जाऊन कागदावर ठिपका मारते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर मी मूठ सोडायलाच विसरले. घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यासाठी एवढं मशीन कशाला, कपाळाला हात लावला की ताप कळतो." आईचं खरं होतं, पण मला त्या रात्री जेवण सुचलं नाही.

त्या विजेचा आकार सांगायला हवा. टॉर्चमध्ये आपण सेल घालतो ना, त्या एका सेलच्या जोराचे चाळीस हजार तुकडे केले तर त्यातला एक तुकडा म्हणजे आमचा एक अंश. एवढ्याशा गोष्टीला कोण विचारणार? आमच्याकडे मात्र तिच्यासाठी सगळं थांबायचं. तारांच्या टोकांना गरम बोट लागलं तरी ठिपका हलायचा. तारा यंत्राला जिथे जोडायच्या त्या पेटीवर उन्हाची तिरीप आली, ठिपका हलला. स्क्रूखाली धूळ बसली, ठिपका हलला. मी त्या पेटीला आतून कापूस लावला आणि वरून जुन्या शालीचा तुकडा गुंडाळला. वर्कशॉपमधली मंडळी म्हणायची, बाईंचं बाळ उठलं का? म्हणू देत. मी त्यांच्या पान्यांना हात लावत नव्हते आणि त्यांना माझ्या पेटीला लावू देत नव्हते.

ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागेची. भिंगारच्या पलीकडे, माळावर, मोठ्या गाड्यांची चाचणी घेणारं आमचं छोटंसं केंद्र होतं. नवीन ट्रक आला की त्यात वाळूची पोती भरायची, घाट चढवायचा आणि त्याचं काय काय आणि किती तापतं ते बघायचं. पूर्वी एक माणूस घाटमाथ्यावर उतरून थर्मामीटर खुपसत असे. आता हा बारा तारांचा रेकॉर्डर आला होता. इंजिनाचं पाणी, तेल, क्लचचं आवरण, गिअरबॉक्स, मागचा आस, अशा बारा जागी बारा जोड चिकटवायचे आणि सगळ्या तारा मागे हौद्यात आणायच्या. रेकॉर्डर एकेकीला पाळीपाळीने विचारायचा आणि प्रत्येकीचा आकडा कागदावर छापायचा. चालत्या गाडीच्या पोटात एकाच वेळी बारा ठिकाणी काय चाललंय ते असं बसल्या जागी दिसावं, याची मला कधी सवय झाली नाही. पुढे कित्येक वर्षं तेच काम केलं, तरीही नाही.

कागदाची गुंडाळी परदेशातून यायची आणि यायला महिने लागायचे. त्यामुळे साहेब कागदाच्या बाबतीत महाकंजूष. गाडी उभी की रेकॉर्डर बंद, हा नियम. संध्याकाळी ते पट्टी ताणून बघायचे आणि वाया गेलेला तुकडा दिसला की भिवई वर जायची.

आता बर्फ. तारांच्या जोडाला वीज येते ती दोन टोकांच्या तपमानातल्या फरकाची. म्हणजे एक टोक गरम गिअरबॉक्सवर असेल, तर दुसरं टोक कुठेतरी ठरलेल्या तपमानात ठेवावं लागतं, नाहीतर मोजायचं कशापासून? ते ठरलेलं ठिकाण म्हणजे वितळणारा बर्फ. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालायचं आणि सगळ्या तारांची दुसरी टोकं त्यात बुडवायची. वितळणारा बर्फ शून्यावर असतो. काश्मिरात शून्यावर आणि मे महिन्यात नगरला, अंगाची लाही होत असतानाही, शून्यावरच. साहेबांनी हे सांगितलं तेव्हा मी त्या थर्मासमध्ये डोकावून कितीतरी वेळ बघत बसले होते. पत्र्याची शेड भट्टीसारखी तापलेली, आणि त्या एवढ्याशा भांड्यात एक गोष्ट अशी, की जी कुणाच्या उन्हातान्हाला बधत नाही. खरं सांगते, देवघरात मला असं कधी वाटलं नव्हतं.

आमच्याकडे दोन ड्रायव्हर होते. एक तरुण, पोरसवदा, मिशा राखलेला, त्याला गाडी सोडून कशाशीच देणंघेणं नव्हतं. दुसरे पंचेचाळिशीचे, शेवगावकडचे. त्यांना मी मामा म्हणायची. मामा आधी फौजेत ट्रक चालवायचे. तिथे एकदा जॅक निसटला आणि गाडी त्यांच्या डाव्या पायावर आली. हाडं जुळली, चालण्यात काही कळत नव्हतं, पण घोट्याखाली पाय बधिर झाला तो झालाच. दरवर्षी डॉक्टर तपासायचे, चालवून बघायचे आणि पास करायचे. मामा म्हणायचे, "क्लच गुडघ्याला कळतो आन् कानाला कळतो. पायाचं काय, त्यो नुसता निरोप पोचवतो."

मला त्या केंद्रात सन्मानाने वागवणारे पहिले गृहस्थ तेच. मी साडीचा पदर खोचून गाडीखाली वाकले की बाकीचे दुसरीकडे बघून हसायचे. मामा मात्र माझ्यासाठी आधी गोणपाट अंथरून ठेवायचे.

चाचणी करंजीच्या घाटात व्हायची. पायथ्याशी कडुनिंबाखाली गाडी थांबायची, कारण तिथपर्यंत बर्फ निम्मा संपलेला असायचा. भुशाच्या पोत्यात बर्फाची लादी असे, ती फोडून थर्मास पुन्हा भरायचा. त्याच वेळात मला गाडीखाली जाऊन बाराही जोड घट्ट आहेत ना ते बघावं लागे. तरुण ड्रायव्हर असला की तो बिडी ओढत बसायचा आणि दोन्ही कामं मी करायची. मामा असले की थर्मास त्यांच्याकडे.

"बर्फाची काळजी तुमी करू नका बाई," ते म्हणायचे. "माज्या थोरल्या भावाचं जत्रंत आईस्क्रीमचं पॉट हुतं. आख्खी जत्रा मी पॉट फिरवायचो. बर्फ कसा राखायचा ते मला पुसा."

आणि ते खरोखर जीव लावून भरायचे. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका असायच्या, त्यांची पोरं पोत्याभोवती जमायची. मामा आधी त्यांना एकेक खडा द्यायचे, मग आमचा थर्मास. बूच लावून दोन्ही हातांनी माझ्याकडे द्यायचे.

त्या उन्हाळ्यात नवीन ट्रकची चाचणी सुरू झाली आणि पंचाईत झाली. तरुण ड्रायव्हरने घाट चढवला तेव्हा सगळं ठीक. मामांनी चढवला तेव्हा क्लचचं आवरण मर्यादेच्या दहा-बारा अंश वर. गिअरबॉक्सही वर. पाणीसुद्धा वर. साहेबांनी आठवड्याने दोघांना पुन्हा पाठवलं. तसंच. तोच ट्रक, तीच पोती, तोच घाट, फरक फक्त चालवणाऱ्याचा.

साहेबांनी दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या. ते दुष्ट माणूस नव्हते. "क्लचवर पाय टेकलेला राहतो," ते म्हणाले. "अर्धवट दाबलेला क्लच घासतो, तापतो, मग इंजिनाला ओढ बसते आणि सगळंच तापतं. त्यांना कळत नाही, कारण त्यांना तो पायच कळत नाही." मला म्हणाले, "तुमचं काय मत?"

माझं मत काय असणार! तोवर त्या रेकॉर्डरवर माझी इतकी श्रद्धा बसली होती, की त्याने सांगितलं असतं आज अमावास्या आहे तर मी चंद्र पुसून काढला असता. मी म्हणाले, आकडे तर तसंच सांगताहेत.

साहेबांनी मामांना बोलावून स्पष्ट सांगितलं. आणखी एक फेरी होईल. तीही अशीच आली तर त्यांना गाडीवरून काढावं लागेल. नोकरी जाणार नाही, गेटवर बसवू.

 दुपारी मामा माझ्या टेबलापाशी आले आणि रेकॉर्डरकडे बघत उभे राहिले. एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज अगदी खाली गेला होता.

"बाई, हे कदी चुकतं का?"

"चुकतं कधीमधी. पण मग सगळीकडे चुकतं. ते ड्रायव्हर बघून चुकत नाही, मामा."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मी पाय काडून घेतो, बाई. शप्पत. दर येळी काडून बाजूला ठिवतो. पन खरं सांगू का? ठिवला का न्हाई ते मला तरी कुटं कळतंय? हितनं खाली मला काईच न्हाई. गार न्हाई, गरम न्हाई. मशीन म्हनतंय तर आसंल बी."

 साहेबांनी शंका घेतली ते मला समजत होतं. पण वीस वर्षं घाट चढवलेल्या माणसाने स्वतःच्याच पायावरचा विश्वास काढून घ्यावा, आणि तो माझ्या कागदावरच्या ठिपक्यांमुळे, हे मला सोसेना. घरी जाऊन मी उगाचच धाकट्या भावावर डाफरले.

शेवटच्या फेरीला मी निघण्याआधी बाराही तारा एकेक करून मुठीत धरून पाहिल्या. ती माझी नेहमीची रीत होती. माझी मूठ म्हणजे पस्तीसच्या आसपास, तारेने तेच सांगायला हवं. बाराही तारांनी तेच सांगितलं. मग त्या जागच्या जागी चिकटवल्या. पायथ्याशी नेहमीसारखी गाडी थांबली, रेकॉर्डर बंद केला, मी गाडीखाली गेले, मामांनी पोरांना बर्फ दिला, थर्मास भरला. त्या दिवशी त्यांनी थर्मास हातात देताना माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी घाटाला लागली. जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी हौद्यात टांगलेला रेकॉर्डर डुलत होता आणि ठिपके उजवीकडे, आणखी उजवीकडे चालले होते. क्लचचा ठिपका मर्यादेची रेघ ओलांडून गेला तेव्हा मी तोंड फिरवून दरीकडे बघत बसले.

माथ्यावर पोचलो. मागच्या आसाची तार धक्क्याने सुटून लोंबत होती. ती पुन्हा चिकटवायची म्हणून मी खाली उतरले, टोक हातात घेतलं आणि सवयीने मूठ मिटली. तार वर जोडलेलीच होती आणि रेकॉर्डर अजून बंद केला नव्हता, म्हणून तो बघायला मान उंच केली.

शेहेचाळीस.

मी मूठ उघडून पाहिली. पुन्हा मिटली. शेहेचाळीस. तारेचा काही घोटाळा असेल म्हणून गिअरबॉक्सची तार उपटली, तिचं टोक जरा गार होऊ दिलं आणि धरली. तेच. आता गिअरबॉक्स तापतो, क्लच तापतो, ते कुणाच्या पायाने तापले असं म्हणता येतं. पण माझी मूठ? शेहेचाळीस अंशांची बाई घाटमाथ्यावर उभी राहून विचार करत नसते, तिला खांद्यावरून न्यावी लागते. सकाळी हीच मूठ पस्तीस होती. मधल्या वेळात काय बदललं? आणि सगळ्याच तारांचं बदललं म्हणजे ते सगळ्या तारा जिथे एकत्र येतात तिथेच बदललं असणार.

मी हौद्यात चढले, थर्मासचं बूच काढलं आणि आत बोट घातलं. बोटाला असा काही गारठा डसला की मी ते झटक्याने तोंडात घातलं.

खारट!

"मामा!" मी ओरडले. "थर्मासमध्ये काय घातलंत?"

ते खाली उतरून मागे आले. चेहऱ्यावर अपराधी भाव वगैरे काही नव्हता, उलट तो जरा उजळलाच. "मीठ," ते म्हणाले. खिशातून कागदाची पुडी काढून दाखवली. खडेमीठ होतं. "मूठभर टाकतो दर येळी. पॉटात टाकतात तसं. नुसता बर्फ काय गार ऱ्हातोय ह्या उन्हात? मिठानं लई गार पडतो. तुमच्या मशीनला चांगला गार बर्फ लागतो म्हनून…"

मी कपाळावर हात मारून घेतला आणि तिथेच हौद्याच्या कडेवर बसले. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. मीठ घातलं की बर्फ शून्याच्या खाली जातो, दहा-बारा अंश खाली. आमचं मोजमाप शून्यापासून व्हायचं होतं, आणि मामांनी मायेने ते शून्यच खाली ढकललं होतं. तिथून मोजलेलं सगळंच तेवढं वर दिसणार. दुसरा ड्रायव्हर थर्मासला बोटही लावत नव्हता, म्हणून त्याची गाडी गार. मी रोज संध्याकाळी थर्मास विसळून पालथा घालत होते, म्हणून सकाळी सगळं ठीक. ज्याने माझ्या बर्फाची सगळ्यात जास्त काळजी घेतली त्याच्याच पायावर आळ आला होता.

मी त्यांना हे सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांनी एकच विचारलं. "म्हंजे पाय न्हवता?"

"अजून माहीत नाही," मी म्हणाले. कारण खरंच माहीत नव्हतं.

केंद्रावर परतलो आणि मी थर्मास तसाच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. "चाखून बघा," म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं मीच उद्यापासून गेटवर. पण त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी पुन्हा चढवा. मी येतो."

दुसऱ्या दिवशी पायथ्याशी थर्मास मी भरला. मामा तिथून दहा पावलं लांब, कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून, हात मागे बांधून उभे होते. साहेब पुढे त्यांच्या शेजारी बसले आणि घाटभर डाव्या पायाकडे बघत राहिले म्हणे. मी मागे होते, मला फक्त ठिपके दिसत होते. पाणी, तेल, गिअरबॉक्स. क्लचचा आकडा चढत गेला, चढत गेला, आणि रेघेच्या पुष्कळ अलीकडे तो स्थिरावला आणि सरळ खाली उतरू लागला. तरुण ड्रायव्हरच्या पट्टीवर तो जिथे होता, त्याच्याहून कणभर डावीकडेच.

मला त्या क्षणी त्या यंत्राच्या पाया पडावंसं वाटलं. आदल्या दिवशी ते खोटं बोललं नव्हतं आणि आजही नव्हतं. त्याला जे शून्य आपण देतो तिथपासून ते इमानाने मोजतं, एवढंच. मग ते शून्य राखायचं काम किती मोठं, हे मला त्या घाटात पहिल्यांदा कळलं.

माथ्यावर साहेबांनी पट्टी पाहिली. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "पुढच्या गाडीलाही हेच ड्रायव्हर," एवढं म्हणाले आणि उतरून पाण्याची बाटली मामांच्या हातात दिली. आधी मामा प्यायले, मग साहेब.

दुपारी केंद्रावर मी तारा सोडवून गुंडाळत होते. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. मामा आले, जरा घुटमळले.

"बाई, एक काम करता का? ती तार ह्या पायाला लावून बगता का?"

त्यांनी बाकावर बसून डावा बूट काढला, मोजा काढला. पाय पांढुरका पडलेला, घोट्यावर जुना शिवणीचा वण. मी तारेचं टोक तळव्याच्या खोलगट भागावर ठेवलं आणि हाताची ऊब लागू नये म्हणून वर कापसाची जाड घडी ठेवून त्यांनाच दाबून धरायला सांगितलं. थर्मासमध्ये अजून बर्फ होता; टेबलावरचा रेकॉर्डर चालू केला. टक्क. ठिपका उजवीकडे. पुन्हा उजवीकडे. मग रेषेत उतरू लागला. चौतीस.

"आता उजवा," ते म्हणाले. उजव्यालाही दुसरी तार लावली. दोन ठिपके, एक लाल आणि एक निळा, पाळीपाळीने उमटू लागले, एकमेकांच्या इतके जवळ की शाई एकमेकीत मिसळत होती.

"म्हंजे गरम हाय ह्यो?"

"आहे. उजव्याइतकाच."

"मला वाटायचं थंडगार पडला आसंल," मामा म्हणाले. "हात लावला तर हाताला कळायचं, पन वाटायचं ती ऊब हाताचीच."

ते दोन्ही पाय तसेच धरून कागदाकडे बघत बसले. लाल, निळा. लाल, निळा. कागद खाली सरकत होता, टेबलावरून जमिनीवर लोळू लागला होता, आणि संध्याकाळी साहेब पट्टी ताणून बघणार होते. मी रेकॉर्डर बंद केला नाही.